एकवीस वर्षांचा बिल्ला

"ए पोरांनो, बाजूला व्हा! ढोलाला हात लावाल तर याद राखा!" राडकेसाहेब ओरडले.

हेनिंग आणि त्याची धाकटी बहीण उल्रिके मागे सरकले. दोघं सुट्टीला आजोबांकडे आली होती. आज माजी सैनिकांच्या मंडळाचं नवं निशाण मिरवणुकीने निघणार होतं आणि ते धरायचा मान आजोबांचा, पापेनफूस सार्जंटांचा! पण मंडळाचा नियमच तसा. एकवीस वर्षांच्या नोकरीचा बिल्ला छातीवर नसेल, तर निशाण नाही. आणि नेमका बिल्लाच हरवला होता.

"पॉलिशसाठी तो मी तुमच्याच हातात दिला, राडके," आजोबा पुन्हा म्हणाले.

"छे! मी सगळे परत केले. तुमचा बिअरच्या पेल्यात बुडाला असेल!" अध्यक्ष राडके खो खो हसले. चौकातली माणसंही हसली. आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. उल्रिकेला रडूच कोसळलं.

"रडतेस काय, वेडे!" हेनिंग कुजबुजला. "ढोलाच्या पट्ट्याचं ते बक्कल बघ. त्याला काटाच नाही!"

"अगोबाई! दादा, आजोबांचा बिल्ला असाच चौकोनी होता ना?"

"तोच आहे तो! गेल्या वर्षापासून प्रशियाचा राजा गोल पदकं नाहीतर क्रॉस देतो. बँडचे पट्टे शिवणाऱ्या नव्या जीनगराने हे जुनं चौकोनी कधी पाहिलंच नसणार. साहेबांनी बिल्ले आणि बँडची बक्कलं एकाच पेटीत कोंबून धाडली असतील!"

"मग सांगूया की त्यांना!"

"ऐकतील होय आपलं? त्यांनाच ते बक्कल उघडायला लावू!"

उल्रिके नाक पुसून पुढे झाली. "साहेब, ढोलवाल्याचा ढोल फार खाली लोंबतोय. सगळं गाव हसेल!"

"अरे, खरंच की!" राडकेंना टापटिपीचं भारी वेड. त्यांनी बक्कल धरून ओढलं. उघडेना. आणखी जोर लावला. मिशा थरथरल्या. "कुठल्या गाढवाने बसवलंय हे?"

"उघडेल कसं, साहेब?" हेनिंग मोठ्याने म्हणाला. "बक्कल नाहीच ते! जुन्या राजाच्या नावाची अक्षरं उलटी लागलीत, बघा!"

राडकेंनी मान वाकडी करून पाहिलं आणि ते कानापर्यंत लाल झाले. चौकात हशा पिकला.

"पेटी... मीच पाठवली होती," ते पुटपुटले.

"मोठ्याने!" आजोबा गरजले.

"मीच पाठवली! माफ करा, सार्जंट!"

टाके कापून बिल्ला काढला. त्याची निळी फीत जीनगराने केव्हाच फेकून दिली होती. उल्रिकेने झटकन वेणीची निळी रिबीन सोडली आणि राडकेंनी स्वतःच्या हाताने ती बिल्ल्यासकट आजोबांच्या कोटाला लावली.

"शाबास, पोरांनो!" आजोबांचे डोळे भरून आले. "एकवीस वर्षांत अशी तुकडी माझ्या हाताखाली आली नाही!"

निशाण निघालं. सगळ्यांच्या पुढे आजोबा, ताठ मानेने! मागे बँड. पण ढोलाचा पट्टा आता जोडायचा कशाने? मग काय, राडकेसाहेब दोन्ही हातांनी ढोल पोटाशी धरून गावभर चालले आणि ढोलवाला तो मनसोक्त बडवत राहिला!