आठ पूर्णांक सहा वॅट

"आमटीत मीठ कमी आहे," शिरीषच्या गळपट्टीतून आवाज आला आणि वैजयंतीचा घास हातातच राहिला.

मीठ खरंच कमी होतं. तिची तक्रार आवाजाबद्दल होती. आवाज स्वच्छ आणि अदबशीर होता, बँकेच्या फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' सांगणाऱ्या माणसाचा असतो तसा. नवऱ्याने असल्या आवाजात आमटीला नावं ठेवली, तर बाईने भांडायचं तरी कुणाशी?

शस्त्रक्रियेत शिरीषचं स्वरयंत्र काढलं, त्याला चार महिने झाले होते. ही पट्टी गळ्याच्या स्नायूंची हालचाल टिपायची आणि त्यातून शब्द बोलायची. जुनं ध्वनिमुद्रण दिलं, तर ती माणसाच्या स्वतःच्या आवाजातही बोलू शकत होती. घोडं अडलं होतं ते तिथंच. आजारामुळे गेली आठ वर्षं शिरीषचा आवाज पट्टीला उपयोगी पडू नये इतका घोगरा होता, आणि त्याआधीचं सगळं 'सफाई कायद्या'त गेलं होतं. माहिती साठवणारी केंद्रं शहरांपेक्षा जास्त वीज खाऊ लागली, तेव्हा पाच वर्षं न उघडलेल्या फायली पुसून टाकायचा हुकूम निघाला. लग्नाची चित्रफीत या दोघांनी पाच वर्षांत एकदाही पाहिली नव्हती. कोण पाहतं?

"या परक्या आवाजासमोर मला जेवता येत नाही," म्हणून वैजयंती ताट घेऊन आत गेली. त्या दिवसापासून शिरीषने पट्टी खुंटीला अडकवली आणि तो पाटीवर लिहून बोलू लागला. हळूहळू लिहिणंही कमी झालं. पंधरा दिवसांत तो 'चहा' आणि 'नको' एवढ्यावर आला, तेव्हा वैजयंतीला स्वतःची लाज वाटली. हा माणूस आता कायमचा गप्प होणार, आणि तो आपल्यामुळे, हे तिला कळून चुकलं. ती पट्टी बसवून देणाऱ्या ऋजुताकडे गेली.

"काकू, काका काय काम करायचे?" ऋजुताने विचारलं.

"आम्ही दोघंही हार्ड डिस्क तपासायचो. भोसरीला. बाहेरून आलेल्या डिस्क इथल्या उन्हाला आणि विजेला टिकतात का, किती वॅट खातात, ते बघायचो."

"फिरत्या चकतीच्या?" ऋजुता खुर्चीतून पुढे आली. "काकू, त्या डिस्कना ऐकू यायचं, माहितीये? चकती मिनिटाला सात हजार दोनशे वेळा फिरते. तिच्यावरच्या बारीक वाटांवरून वाचणारं टोक चालत असतं. शेजारी कुणी मोठ्याने बोललं, की ते टोक जरासं थरथरतं आणि वाट चुकतं. त्या वाटचुकीची नोंद असेल, तर आता तिच्यातून बोलणं परत काढता येतं."

"आमच्या डिस्क नोंद ठेवायच्याच की! चाचणीपुरती तशी आज्ञावलीच घालायचो आम्ही. आणि पंख्यांची घरघर एवढी, की बोलणं कसलं, ओरडणंच ते. पण आता त्या डिस्क कुठून आणायच्या?"

घरी येऊन तिने हे सांगितलं, तेव्हा शिरीषने पाटीवर लिहिलं, 'कपाटात. तुझ्या शालूखाली.' काखेत कळसा म्हणतात तो हा.

शालूखालून निघालेली डिस्क वैजयंतीने लगेच ओळखली. चाचणीची पद्धत अशी होती की एकाने मीटर मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने तो आकडा परत म्हणून लिहायचा. वाचणारा 'बरोबर' म्हणाला, की जबाबदारी त्याची. त्याने दुरुस्ती सांगितली, तर ती लिहिणाऱ्याची चूक म्हणून वहीत चढायची. वैजयंती तेव्हा नवीन होती आणि तिच्या नावावर दोन चुका चढल्या होत्या. तिसरीला नोकरी जाणार होती. त्या महिन्यात शिरीषनेच एक आकडा चुकीचा वाचला, हीच चांगली डिस्क नापास झाली आणि दोन महिन्यांनी फेरतपासणीत ते उघडं पडलं. त्याची बढती हुकली. 'साधा आकडा वाचता येईना' हे वैजयंतीने लग्नानंतर त्याला निदान शंभरदा ऐकवलं होतं.

"जिच्यापायी बढती गेली, तीच जपून ठेवलीस? माझ्या शालूखाली?" ती म्हणाली. शिरीषने नुसते खांदे उडवले.

रविवारी ऋजुता आपली यंत्रं घेऊन आली. तारा मात्र शिरीषने स्वतः जोडल्या, कुणाला हात लावू दिला नाही. 'सुरू होताना दोन अँपिअर लागतात. एकदा फिरली की पाच वॅटवर निवांत चालते,' त्याने लिहिलं. अडतीस वर्षांत आतलं वंगण घट्ट झालं असणार होतं. पहिल्यांदा नुसती कुईकुई झाली. शिरीषने डिस्क तळहातावर घेतली, ऋजुताला खूण केली आणि वीज येताच मनगटाला हलकासा झटका दिला. आत काहीतरी सुटलं आणि चकती फिरू लागली. वैजयंतीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कित्येक दिवसांनी तो हसत होता.

नोंदी उतरवून घेऊन त्यांतून आवाज वेगळा करायला ऋजुताला तास लागला. आधी खरखर आली, आणि मग तो आला. सव्वीस वर्षांचा, भरदार, जरासा अनुनासिक.

"सुरुवात! एक पूर्णांक नऊ अँपिअर!"

"एक पूर्णांक नऊ," बारीक आवाजात एक मुलगी ओरडली.

"बरोबर! शांत अवस्था, चार पूर्णांक दोन वॅट!"

वैजयंतीने पदर तोंडाला लावला. आकडे येत राहिले. मग शिरीषने अचानक यंत्र बंद करायला हात पुढे केला. वैजयंतीने तो धरला.

"टोकाचा शोध चालू असताना, सहा पूर्णांक आठ वॅट!" सव्वीस वर्षांचा शिरीष ओरडला.

"आठ पूर्णांक सहा," मुलगी म्हणाली.

बराच वेळ नुसती पंख्यांची घरघर.

"बरोबर," तो म्हणाला.

वैजयंती शिरीषकडे बघत राहिली. "तुला ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "मी उलटं म्हणाले ते तुला ऐकू आलं होतं. माझी तिसरी चूक होती ती. आणि अडतीस वर्षं माझी बोलणी खात राहिलास, मेल्या?"

शिरीषने पाटी बाजूला ठेवली. ऋजुताने खुंटीवरची पट्टी काढली, तो आवाज तिच्यात भरला आणि त्याच्या गळ्याला बांधली. "थोडेच शब्द मिळालेत, काका. बाकीचे ध्वनी पट्टी अंदाजाने जुळवेल. बोलून बघा."

त्याने वैजयंतीकडे पाहिलं.

"सहा पूर्णांक आठ," तरुण शिरीष म्हणाला.

वैजयंतीने डोळे पुसले. "आठ पूर्णांक सहा."

"बरोबर."

ऋजुता उगाचच तारा गुंडाळू लागली. वैजयंतीने खुर्ची ओढली आणि ती त्याच्यासमोर ऐसपैस बसली.

"आता खरं सांग," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत आणखी कितीदा असं खोटं 'बरोबर' म्हणालास?"