जयंतीवहिनींचा डबा

दिवाळीचा चिवडा झाला आणि विनयाने शोकेसमधला स्टीलचा डबा खाली काढला. तिच्या नवऱ्याने, दिनकरांनी, तोंड वाकडं केलं.

"तो नको."

"तीन वर्षं झाली. दुसऱ्यांचा डबा किती दिवस ठेवायचा?"

डबा जयंतीवहिनींचा. मराठी मंडळाच्या निवडणुकीत तोच मतपेटी झाला, कारण मोदक संपल्यावर दुसरं काही हाताशी नव्हतं. सह्या ब्याऐंशी, चिठ्ठ्या निघाल्या एक्क्याऐंशी, आणि वहिनींचे यजमान राजन एका मताने पडले. "दिनकरनेच मला मत दिलं नाही," ते भर सभेत म्हणाले. दिनकरांनी तर राजनचंच नाव लिहिलं होतं! पण सिद्ध कसं करणार? डोक्यात राख घालून त्यांनी डबा घरी आणला आणि त्या अपमानाची आठवण म्हणून मांडून ठेवला. पंचवीस वर्षांची मैत्री संपली. गेल्या वर्षी अर्धांगवायूने दिनकरांचा उजवा हात गेला, बोटांत चमचाही राहीना, तरी राजन आले नाहीत. हाताहून तेच जास्त लागलं होतं.

विनयाने डबा पुसला. आत कागद सळसळला. उघडला, तर रिकामा.

"झाकण सैल असेल," दिनकर म्हणाले. विमा कंपनीत जन्म काढलेला माणूस असल्या गोष्टींना भीक घालत नाही.

रिकामा डबा परत देत नाहीत, म्हणून विनयाने तो चिवड्याने गच्च भरला आणि पोचवायला दिनकरांनाच धाडलं. विद्याधर नगरहून मुरलीपुऱ्याला जाताना ई-रिक्षात दिनकरांनी तो डाव्या हाताने मांडीवर धरला होता. प्रत्येक खड्ड्याला आत सळसळ होई. चिवड्याची नव्हे. उभा जन्म कागद हाताळले होते त्यांनी.

"भैया, धीरे," ते म्हणाले. त्यांनी डबा पोटाशी धरला.

दार राजननी उघडलं.

"वहिनींचा डबा," दिनकर म्हणाले.

राजन दारातून बाजूला झाले. "ये," राजन म्हणाले.

वहिनींनी चिवडा परातीत ओतला. शेवटी एक चिठ्ठी पडली. चार घड्यांची, मंडळाचा शिक्का असलेली.

राजननी ती उलगडली. दिनकरांचं अक्षर. निळ्या शाईत राजनचं नाव.

"चुकलो रे, दिनू." त्यांनी दिनकरांचा लुळा हात दोन्ही हातांत धरला. दिनकरांना रडू आवरेना. किती हलकं वाटलं!

"आधी चिवडा खा दोघं," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या.

राजननी हात सोडला आणि स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं.

निळी शाई. ओली.

दिनकरांच्या उजव्या अंगठ्यालाही तीच, जणू चिठ्ठी त्या हाताने आत्ताच लिहिली होती.