थोरलीची चादर

आधीच सांगते, ही घडलेली गोष्ट आहे आणि ती माझ्याच घरात घडली. कुणाच्या मावसभावाच्या मित्राला आलेला अनुभव नाही हा.

दुसरं म्हणजे, यात रात्र नाही. लाईट गेलेली नाही, कुत्री रडत नाहीत. भर दुपार होती. जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्याच्या पायरीवर डबा उघडून बसले होते. ऊन असं की पायरीचे चटके बसत होते.

आणि फोनच्या स्क्रीनवर...

थांबा. आधी चादरीचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

आमच्याकडे कार्बनच्या नळ्या बनतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतक्या बारीक. एका केसाच्या जाडीत हजारो शेजारी शेजारी मावतील. आमचे हे भट्टीवर असतात. तापलेल्या नळकांड्यातून गॅस सोडतात, आत लोखंडाचे बारीक कण असतात, त्यांच्यावर या नळ्या उगवतात. बाहेर येतो तो काळाकुट्ट भुगा, काजळीसारखा हलका. तो आमच्या खोलीत येतो. तोंडाला मास्क, हातात मोजे घालून मी तो पातळ रबरात मिसळते आणि कापडावर लेप देते.

या कापडातून वीज जाते. कापड दाबलं गेलं की विजेत फरक पडतो. सगळी गंमत त्यातच. त्याची चादर अंथरुणावर घातली की झोपलेल्या माणसाचा भार कुठे पडतोय ते स्क्रीनवर दिसतं. जास्त भार तिथे लाल, कमी तिथे पिवळं, काहीच नाही तिथे काळं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना पाठीला, टाचांना जखमा होतात ना? त्या होऊ नयेत म्हणून ही चादर. एकाच जागी फार वेळ लाल दिसलं की माणसाला कुशीवर वळवायचं.

ऐकायला सोपं आहे. पण त्या भुग्याच्या गुठळ्या होतात. मशीनमध्ये कमी घुसळलं तर गुठळ्या राहतात, जास्त घुसळलं तर नळ्याच तुटतात. नेमकं कुठे थांबायचं, ते कळावं लागतं.

आणि ते कळायचं थोरलीला.

थोरली म्हणजे ह्यांची पहिली बायको. साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेली. मशीनच्या आवाजात सूर मिसळून गुणगुणायची म्हणे. सूर बदलला की गुणगुणणं थांबवायची आणि मशीनही. तिच्या चादरीत कधी गुठळी सापडली नाही.

मी तिच्याच टेबलावर आले आणि मग तिच्याच घरात. कारखान्यात मला सगळे धाकटी म्हणतात. ती गेल्यावर मी आले, तरी मी धाकटी! जशी काही ती आत पाणी प्यायला गेलीये आणि आत्ता बाहेर येईल.

तिची एक चादर खोलीत भिंतीवर टांगलेली होती, नमुना म्हणून. माझी प्रत्येक चादर तिच्या शेजारी धरायची आणि कारखान्याच्या मॅडमनी म्हणायचं, "छान आहे गं. पण थोरलीचा हात वेगळाच होता."

मेल्या म्हशीला मणभर दूध. दुसरं काय!

हो, जळायचे मी तिच्यावर. ह्यांच्या पाकिटात तिचा फोटो नव्हता, कपाटात तिचं एक कापड नव्हतं, तोंडात कधी तिचं नाव नव्हतं. तेच खुपायचं मला. माणूस काही बोलला तर भांडता तरी येतं.

अशात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, बाई अंथरुणाला खिळली. आमच्या मॅडम भल्या आहेत. त्यांनी भिंतीवरची चादर काढून माझ्या हातात दिली.

"आईंसाठी सगळ्यात चांगली ने. फोनवरही दिसेल तुला."

सगळ्यात चांगली म्हणजे तिची! नाकाला मिरच्या झोंबल्या, पण घेतली.

मला एकच गोष्ट हवी होती. सासूबाईंनी बरं व्हावं आणि चार लोकांत एकदा म्हणावं, धाकटी होती म्हणून मी उठले. बस, एवढंच. त्यासाठी मी मरमर मरत होते. सकाळी त्यांना पुसायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची आणि निघताना पुन्हा उताणं करून कामावर पळायचं. दुपारी शेजारच्या काकू किल्लीने दार उघडून एकदा बघून जायच्या. संध्याकाळी पुन्हा मीच.

तर ती पायरी.

फोनवर सासूबाई दिसत होत्या. डोकं, खांदे, कंबर, टाचा. सगळं नेहमीचं. आणि अंथरुणाच्या काठावर, त्यांच्या कमरेजवळ...

आणखी एक डाग.

काठावर टेकलेल्या माणसाचा असतो तसा, गोल.

मला वाटलं, काकू बसल्या असतील. पण काकू म्हणजे भरभक्कम ऐवज. त्या टेकल्या की काठ लालभडक व्हायचा. हा डाग नुसता पिवळा होता. कुणीतरी सडपातळ बाई असावी.

मी काकूंना फोन लावला. "अगं, मी बाजारात आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे अजून गेलेच नाही."

मी पुन्हा स्क्रीन पाहिली.

डाग तिथेच होता. मग तो हळूहळू... फिका झाला. आणि गेला.

खोटं कशाला बोलू? भुताचा विचार मनातसुद्धा आला नाही. मला वाटलं, घरात कुणीतरी बाई येते. थोरली, धाकटी आणि आता तिसरी! हे समोर भट्टीपाशी घाम पुसत उभे होते, तरी मी त्यांच्याकडे संशयाने बघितलं.

संध्याकाळी मी सासूबाईंना विचारलं, "आई, दुपारी कोण आलं होतं?"

"थोरली."

"कोण?"

"थोरली गं. तू गेलीस की येते, जरा वेळ बसते."

म्हटलं, औषधांची गुंगी असेल. पण त्यांचे केस नीट विंचरलेले होते. सकाळी घाईत मी ते नुसते गुंडाळून बांधले होते.

ह्यांना मी काही सांगितलं नाही.

मग एका दुपारी स्क्रीनवर बघता बघता, उताण्या झोपलेल्या सासूबाई... कुशीवर वळल्या. हळूच, जपून. ऑपरेशन झालेली बाई, स्वतःहून बोटभरही सरकत नव्हती. आणि काठाशी दोन लहान डाग उमटलेले. कुणीतरी गुडघे टेकवून जोर लावत होतं.

मीही अशीच लावते जोर.

तशीच धावत घरी गेले. दाराला कुलूप होतं. आत सासूबाई कुशीवर शांत झोपल्या होत्या आणि गुडघ्यांमध्ये उशी होती. मी ठेवते ती नेहमी तिरकी होते. ही अगदी सरळ होती.

भीती नंतर वाटली. आधी राग आला.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि फोन घेऊन त्यांच्या खोलीत खुर्चीवर बसले. खिडकी सताड उघडी, उन्हाचा पट्टा फरशीवर. पंखा फिरत होता.

मग पंख्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज आला...

कुणीतरी गुणगुणत होतं.

गाणं नव्हतं ते. एकच सूर, लांबवलेला. तो मी रोज ऐकते. आमच्या मशीनचा सूर.

तो एकदम थांबला. आणि माझ्या डोळ्यांसमोर गादीचा काठ... दबला.

वर कुणी नव्हतं. फोनवर पिवळा डाग होता.

मी फोन घट्ट धरला. पण तोंड कधी गप्प बसलंय माझं? "ऊठ तिथून," मी म्हणाले. "माझी सासू आहे ती."

डाग हलला नाही. सासूबाईंनी डोळे उघडले.

"धाकटे, तिच्यावर ओरडू नकोस. दमून येते बिचारी."

तळपायाची आग मस्तकात गेली. ती दमून येते! आणि मी काय बागेत फिरून येते?

त्याच आठवड्यात मी माझी चादर केली. घाईघाईत. मधला भाग दाबून बघितला, स्क्रीनवर बरोबर दिसला, झालं. शितावरून भाताची परीक्षा. तिची चादर काढून कपाटात कोंबली आणि माझी घातली.

काठ काळा. स्वच्छ. दुपारभर काळा.

"आलीये बघ ती," सासूबाई म्हणाल्या. मी फोन त्यांच्या तोंडासमोर नाचवला. "कुठे आहे? दाखवा ना! कुणी नाही इथे." त्या नुसत्या काठाकडे बघून हसल्या.

मी खूश होते. कामावर दोन वेळा स्वतःशीच हसले.

मग एका संध्याकाळी घरी आले तर सासूबाईंच्या पोटऱ्यांखाली टॉवेलची गुंडाळी. टाचा अधांतरी. मी ठेवली नव्हती, काकूंनीही नव्हती. वाकून बघितलं तर उजवी टाच लालबुंद. आणखी थोडा वेळ गादीवर राहिली असती तर कातडं गेलं असतं. आणि माझ्या फोनवर त्या जागी दिवसभर काळं दिसत होतं, मी मात्र नुसता काठ बघत होते.

चादर उचलून कारखान्यात नेली, वजनं ठेवून इंच इंच तपासली. टाचांच्या जागी गुठळ्या. आणि काठाला... काठभर गुठळ्या. तो काठ आंधळा होता. त्यावर हत्ती बसला असता तरी मला दिसला नसता.

म्हणजे ती गेलीच नव्हती. रोज येत होती, रोज बसत होती. आणि माझी चूक निस्तरून, एक शब्द न बोलता जात होती.

याच्याहून वाईट सवत असते का हो?

गुपचूप तिची चादर परत घातली. दुसऱ्या दिवशी पिवळा डाग काठावर हजर. या वेळी तिला ऊठ म्हणायला तोंड राहिलं नव्हतं मला.

पण हार मानणाऱ्यातली मी नाही. नवीन चादरीसाठी मशीन लावलं आणि कान देऊन बसले. सूर ऐकत राहिले. मला त्यात काही बदल कळेना. इतक्यात अगदी कानाशी...

तेच गुणगुणणं. मानेवर गार वाटलं. खोलीत मी एकटी होते.

ते थांबलं, आणि माझा हात आपोआप बटणावर गेला. मी मशीन बंद केलं.

त्या चादरीत एक गुठळी निघाली नाही. मॅडमनी ती उजेडात धरून उलटसुलट बघितली आणि म्हणाल्या, "धाकटे, ही थोरलीपेक्षा सरस झालीये गं!"

हे एक वाक्य ऐकायला मी किती तडफडले होते. आणि ऐकलं तेव्हा मी मशीन पुसायला वळले. ते माझं नव्हतंच.

सासूबाई बऱ्या झाल्या. काठी टेकत बाहेरच्या खोलीत आल्या, तेव्हा भेटायला आलेल्या माणसांनी खोली भरली होती. माझा हात हातात घेऊन त्या सगळ्यांना म्हणाल्या, "माझ्या दोघी सुनांनी उठवलं मला." लोकांना वाटलं, म्हातारपण. मी चहा आणायच्या निमित्ताने आत जाऊन रडले.

थोरलीची चादर परत द्यायला गेले तर मॅडम म्हणाल्या, "ठेव तुझ्याकडेच. भिंतीवर आता तुझी आहे."

फेकून देणार होते. खरंच. पण मग मनात आलं, चादर फेकली म्हणून ती जाईलच कशावरून? मला दिसायची बंद होईल, एवढंच.

म्हणून मी ती आमच्याच अंथरुणावर घातली. वरून साधी चादर. ह्यांना सांगितलं, तुमच्या पाठीसाठी आहे.

बरेच दिवस काही नाही. स्क्रीनवर हे आणि मी, दोघंच. मी मनाशी म्हटलं, जिंकले.

मग एका सुट्टीच्या दिवशी हे जेवून आडवे झाले. मी भांडी घासत होते, फोन ओट्यावर होता. कुठूनतरी बारीक आवाज यायला लागला. मला वाटलं, फ्रीज असेल...

आणि तो थांबला.

हात पुसून फोन उचलला. ह्यांचा आकार, कुशीवर. आणि काठावर, त्यांच्या छातीजवळ, तो पिवळा डाग. बघता बघता उशीवर, ह्यांच्या केसांपाशी, आणखी एक उमटला. तळहाताएवढा. तो हलला. थांबला. पुन्हा हलला.

मी दारात जाऊन उभी राहिले. काठावर कुणी नव्हतं. गादी मात्र दबलेली होती.

आणि हे झोपेत हसत होते. माझ्याशेजारी झोपतात तेव्हा ह्यांच्या कपाळावर आठी असते.

ती अजून येते. सुट्टीच्या दुपारी. मी ओट्याशी उभी राहून बघत असते.

बहिणीला एकदा हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं वेडे, दाजींना का सांगत नाहीस? घाबरतील म्हणून?"

हे घाबरणार असते तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं.

ह्यांना आनंद होईल.