मंगळवारचं खोडलेलं नाव

प्रयोगशाळेच्या जिन्याच्या वळणावर दोघं धडकली आणि तिच्या हातातली डबी निसटली. त्याने ती अलगद झेलली. आत पांढऱ्या पट्ट्या होत्या, केसाहून बारीक धाग्यांच्या. पायाची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, तुटली, की नव्या पेशींना धरून वाढायला हा आधार… तिने सांगितलं.

"म्हणजे तुम्ही विणायचं आणि मी तोडायचं," तो म्हणाला. "ताण मोजायच्या मशीनवर मीच असतो."

मग दर मंगळवारी ती पट्ट्या घेऊन जाऊ लागली. पट्टी तुटली की तो आधी तिच्याकडे बघायचा, आकड्याकडे नंतर. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

अशात शेजारच्या विभागात रेशीमवाली आली. तिच्या रेशमी पट्ट्या दुप्पट ताण सोसायच्या, आणि तिच्या विनोदांवर तो खळखळून हसायचा. हिचा नुसता जळफळाट व्हायचा. आपले धागे फिके, आपलं बोलणंही फिकं… एका मंगळवारच्या पानावर मशीनच्या वहीत रेशीमवालीचं नाव दिसलं. हिने इकडेतिकडे पाहिलं, ते खोडलं आणि खाली आपलं लिहिलं.

रेशमी पट्ट्या ताज्याच तपासाव्या लागतात, हे हिला ठाऊक होतं. एका दिवसाने काय होतंय, अशी हिने मनाची समजूत घातली. पण मशीन गुरुवारीच मोकळं झालं. रेशीमवालीची महिन्याची मेहनत वाया गेली. तेव्हा तो पुढे झाला, नोंद माझ्याकडून चुकली म्हणाला, आणि साहेबांची बोलणी मुकाट्याने खाल्ली.

 दुसऱ्या दिवशी सकाळी ही आधी रेशीमवालीकडे गेली आणि सगळं कबूल केलं. रेशीमवालीने वाया गेलेल्या पट्ट्या हिच्यापुढे ठेवल्या. मग म्हणाली, नव्या पट्ट्या करायला महिनाभर रोज दोन तास यायचं. ही हो म्हणाली आणि थेट मशीनच्या खोलीत आली.

"ते नाव मी खोडलं होतं."

"माहीत आहे. तुझं अक्षर ओळखतो मी."

"मग स्वतःवर का घेतलंस?"

"तू का खोडलंस, ते आधी सांग."

"हेवा वाटला…"

"रेशमाचा?"

"नाही. तिच्याबरोबर तू हसतोस, त्याचा."

त्याचे कान लाल झाले. "तिच्यासमोर मी काहीही बडबडतो. तुझ्यासमोर… शब्दच सुचत नाहीत. म्हणून नुसता बघत बसतो."

तिने मशीनची वही उचलली. मग साहेबांना खरं सांगायला निघाली. तोही निघाला, न विचारता तिचा हात धरून. साहेबांच्या दाराशी हात सोडायला हवा होता. त्याने सोडला नाही… तिनेही नाही.