जुन्याला विचारून

दार लोटून घ्या आणि बसा जरा. लाईट येईपर्यंत सोल्डरिंग काही होत नाही. मेणबत्ती त्या मॉनिटरवर नको रे, टेबलावर ठेव.

भुतांवर विश्वास आहे का, असं मला विचारू नका. तीस वर्षं मी रेडिओपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं उघडलं. आत धूळ सापडली, झुरळं सापडली, एकदा पालीची अंडी सापडली. भूत नाही. पण एका घरात भिंतीवरचं एक बटण आहे. त्याचं सांगतो. त्यातला मुलगा तुम्ही रोज बघता. कोपऱ्यावर टायरच्या दुकानात पंक्चर काढतो, तो.

"तो मुका?"

"मुका नाही. गप्प आहे. आधी इतका बोलायचा की गिऱ्हाईक पंक्चर विसरून पळायचं."

तर ते दोघे भाऊ. थोरला इथेच, तू बसलायस त्या स्टुलावर, सहा वर्षं माझ्या हाताखाली होता. धाकट्याने आठवीत शाळेला रामराम ठोकलेला. डोकं चांगलं, पण सगळं आत्ताच्या आत्ता हवं. थोरला त्याला 'वादळ' म्हणायचा. घरात जुना कॉम्प्युटर होता, रखडत चालायचा. धाकट्याने टुमणं लावलं, नवा प्रोसेसर टाक. प्रोसेसर म्हणजे मशीनचं डोकं. जुनं काढून, त्याच जागी बसणारं जरा तल्लख डोकं टाकायचं, एवढंच.

"शनिवारी आणतो," थोरला म्हणाला.

"शनिवारी म्हणजे कधीच नाही. तुझं सगळं शनिवारी."

हे बुधवारचं बोलणं. थोरला हसला, गाडीला किक मारली आणि त्याच संध्याकाळी आणायला गेला. येताना पुलाच्या वळणावर ट्रकने उडवला. खिशात प्रोसेसरची डबी होती. तिला ओरखडासुद्धा नव्हता.

...ऐकताय ना?

सतरा दिवस ती डबी कपाटावर पडून होती. अठराव्या दिवशी, शनिवारी, अठरा नोव्हेंबरला, आई मामाकडे मुक्कामाला गेली. संध्याकाळी साडेसातला धाकटा माझ्याकडे आला.

"काका, पेस्टची ट्यूब द्या."

ही आपली राखाडी पेस्ट, प्रोसेसर आणि पंख्याच्या मध्ये लावतात ती. मी म्हटलं, "उद्या मी येतो, दोघं मिळून करू."

"आज शनिवार आहे," तो म्हणाला. एवढंच. मी ट्यूब दिली. इथे माझी पहिली चूक.

आता थोरल्याची कामाची पद्धत ऐका. जुना प्रोसेसर काढायचा तर आधी मशीन दहा मिनिटं चालवायचं. पेस्ट गरम होऊन सैल होते, मग पंखा हळूच पिळून सोडवायचा. स्क्रू काढला की स्टीलच्या वाटीत टाकायचा आणि दातांतून मोजायचा. एक... दोन... तीन... चार. पेस्ट लावायची ती डाव्या अंगठ्याने. मी शंभरदा सांगितलं, कार्डाने लाव. ऐकेल तर शपथ. तोच अंगठा घेऊन घरभर फिरायचा. आई रोज ओरडायची, "बटणं म्हणजे काय हात पुसायचं फडकं आहे का?" त्या अंगठ्यावर तिरका वण होता. कॅबिनेटच्या पत्र्याने कापला होता, इथेच. पट्टी मीच बांधली होती.

आणि एक वाक्य त्याचं ठरलेलं होतं. नवीन प्रोसेसर आला की म्हणायचा, "जुन्याला विचारल्याशिवाय नव्याला बसवायचं नाही."

धाकट्याला ती गंमत वाटायची.

घरी जाऊन त्याने मशीन टेबलावर आडवं केलं. गरमबिरम काही केलं नाही. पंखा धरला आणि ओढला. टायर रिमवरून ओढतात, तसा. पेस्ट वाळून दगड झालेली. पंख्याला चिकटून प्रोसेसर जागेवरून उपटून आला. त्याच्या पोटाला केसासारख्या शेकडो पिना असतात. दोन ओळी आडव्या झाल्या.

त्याने पर्वा केली नाही. जुन्याचं काय काम आता? नवा बसवला, पेस्ट लावली, तीही कार्डाने, पंखा आवळला. दाराजवळचं, भिंतीवरचं बटण दाबलं. ते दाबलं की मशीन आपोआप सुरू व्हायचं.

पंखा फिरला. पडदा काळा.

बंद, चालू. काळा. रॅम काढून पुसली. काळा. आतल्या मुख्य बोर्डावरची चपटी बॅटरी काढून परत घातली. काळा. मशीन ठीक असलं की आतला छोटा स्पीकर एकदा 'पीं' करतो. तोही गप्प.

रात्री सव्वाअकराला मला फोन.

"काका, पंखा फिरतोय. बाकी मेलंय सगळं."

"नवा टाकण्याआधी बायोस अपडेट केलास का?"

"ते काय असतं?"

मी सांगितलं. बायोस म्हणजे बोर्डाची स्वतःची अक्कल, आणि हा बोर्ड जुना आहे. नवा प्रोसेसर त्याने कधी बघितलाच नाही, तर ओळखणार कसा? जुना लावून मशीन चालू करायचं, बोर्डाला नव्याची ओळख शिकवायची, मगच नवा बसवायचा. "तुझा दादा म्हणायचा ना, जुन्याला विचारून... ते हेच. फाईलसुद्धा त्याने आणून ठेवली असेल. मागे पेनड्राइव्ह आहे का बघ."

"...आहे. लाल. तेव्हापासून तिथेच आहे."

"झालं तर मग. जुना लाव परत."

फोनवर काहीतरी टेबलावर ठेवल्याची टक आली.

"काय रे? जुना धड आहे ना?"

"काका," तो म्हणाला, "दादा माझ्यामुळे गेला. हे चालू नाही झालं, तर तो फुकट गेला."

मी म्हटलं, "सकाळी भिंग घेऊन येतो. आता झोप." ही दुसरी चूक. तेव्हाच उठून जायला हवं होतं मी.

तो झोपला नाही. पुढचं त्यानेच मला नंतर सांगितलं, एकदाच. नवा काढून डबीत ठेवला आणि सुई घेऊन जुन्याच्या पिना सरळ करत बसला. दीडपर्यंत तीन पिना झाल्या. चौथीला सुई निसटली, पीन आणखीच मुडपली. त्याने सुई फेकली. भिंतीवरचं बटण बंद केलं. जुना प्रोसेसर, पंखा, स्क्रूची वाटी, सगळं टेबलावर तसंच. दिवा मालवला. टेबलाशीच बसला आणि हातांवर डोकं टेकून रडला.

रडता रडता डोळा लागला असेल. अडीचच्या सुमाराला जाग आली.

टेबल हलत होतं.

जोरात नाही. शेजारी बसून कुणी बारीक काम करत असलं की हलतं, तेवढंच.

त्याने डोकं उचललं नाही. उचलवेना.

कुणीतरी त्याचं कोपर बाजूला सारलं. हलकेच. दोन बोटांनी. दादा सारायचा तसं. "कोपर काढ, वादळा," म्हणायचा तेव्हा.

आता कुणी काही म्हणालं नाही.

वाटीत हात गेल्याचा आवाज. लोखंडाला लोखंड घासल्याचा. आणि दातांतून...

एक.

...

दोन.

...

तीन.

चौथ्याला वेळ लागला. फार वेळ लागला.

मग चार.

मग काहीच नाही. पावलंसुद्धा नाहीत. खोलीच्या पलीकडे, दाराजवळ, फक्त...

खट.

बटण.

आणि मशीन बोललं. एकदाच. पीं.

बंद पापण्यांवर उजेड आला. त्याने डोळे उघडले. खोलीत कुणी नव्हतं. पडद्यावर पांढरी पट्टी सरकत होती. अपडेट चालू. बारा टक्के. तेरा.

मशीन शिकत असताना हात लावायचा नाही. मध्येच बंद पडलं तर बोर्ड कायमचा गेला. थोरला अशा वेळी याला दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा करायचा, शाळेतल्यासारखा. तसा तो उठला आणि उभा राहिला. हात मागे. आयुष्यात पहिल्यांदा त्याने घाई केली नाही.

चाळीस टक्क्यांना तो म्हणाला, "दादा, मी म्हटलं म्हणून गेलास तू."

पंख्याची घरघर.

"शनिवारी गेला असतास तरी चाललं असतं रे."

...

शंभरला मशीन आपोआप बंद झालं. परत अंधार.

सकाळी सातला मी भिंग घेऊन पोचलो. हा तसाच उभा. हात मागे. मी मशीन दहा मिनिटं चालवलं, पंखा पिळून सोडवला, जुना प्रोसेसर काढून भिंगाखाली धरला. एकही पीन वाकडी नाही. कारखान्यातून आल्यासारख्या. तुम्ही म्हणाल, मुलाने झोपेतच केलं असेल. म्हणा. मीही स्वतःला तेच सांगत नवा बसवला.

पीं.

पडदा उजळला. मुलगा तिथेच खाली बसला.

तेवढ्यात आई आली. पिशवी अजून हातात. मशीन बघितलं, मुलाचे डोळे बघितले, मला म्हणाली, "चहा टाकते." सतरा-अठरा दिवस ती असंच करत होती, समोर दिसेल ते काम धरायचं. आत जायला वळली आणि दाराजवळचं बटण तिला दिसलं. खुंटीवरचं फडकं ओढलं, सवयीने बोलायला लागली, "किती वेळा सांगितलं, पेस्टचे हात बटणाला..."

आणि थांबली.

मी जवळ गेलो. मुलाचे दोन्ही अंगठे बघितले. स्वच्छ. मग बटण बघितलं.

राखाडी ठसा. डाव्या अंगठ्याचा. अजून ओला. त्यावरून, वरपासून खालपर्यंत, तिरकी कोरी रेघ.

आईने फडकं घडी करून परत खुंटीवर ठेवलं.