डोमेन बंद केलं ती दुपार

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तिथे होतो. फोन माझ्याच हातात होता.

गेल्या वैशाखातली दुपार. भडगाव. ऊन इतकं की गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

माझा मोठा भाऊ लीलाधर केळीच्या रोपांची नर्सरी चालवायचा. स्वतःच्या नावाने वेबसाइटही काढली होती. मोठ्या हौसेने.

त्याआधीच्या हिवाळ्यात तो नर्सरीतच हार्ट अटॅकने गेला.

नर्सरी मोडली. वेबसाइट मात्र चालूच राहिली. तिच्यावर नूतनवहिनींचा नंबर होता. कुठून कुठून फोन यायचे.

"लीलाधरभाऊंना द्या ना. रोपं हवी होती."

प्रत्येकाला वहिनी सांगायच्या, ते वारले.

रोज.

शेवटी मला म्हणाल्या, "बठ्ठं बंद करी टाका, भाऊ. सगळंच."

आवाजात काहीच नव्हतं. रडणंही नाही.

मी जळगावला कॉम्प्युटरची कामं करतो. नुसती साइट काढून भागणार नव्हतं. तिच्या पत्त्याची, म्हणजे डोमेनची, नोंदणीच रद्द करायची होती. मृत्यूचा दाखला आधीच पाठवला होता. वहिनींसमोर बसून मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. स्पीकरवर.

एका मुलीने उचलला.

"सर, मालकांच्या मोबाइलवर एकदा खात्री करावी लागेल."

"अहो, ते वारलेत. नंबर बंद आहे."

"तरी लावावा लागतो, सर. लागला नाही की पुढचं करते. होल्ड करा."

भावाचा मोबाइल समोरच्या कपाटात होता. सिम आम्ही कधीच बंद केलं होतं.

तेवढ्यात वीज गेली. कूलर थांबला.

"रिंग जातेय, सर..."

मी कपाटाकडे पाहिलं.

काहीच वाजत नव्हतं.

"सर... उचलला."



"ते विचारताहेत... नूतन आहे का तिथे?"

वहिनींचं नाव मी तिला सांगितलंच नव्हतं.

"जोडून देते हं," ती म्हणाली. मी नको म्हणेपर्यंत वहिनींनी फोन घेतला. स्पीकर बंद केला. कानाला लावला.

पलीकडचं मला काही ऐकू आलं नाही. वहिनींचा चेहरा तसाच. लाकडासारखा.

"हां..."

"हां, जेवले."

मग त्या ऐकत राहिल्या.

मग ओठ हलले. अगदी हळू. फोन त्यांनी माझ्याकडे दिला. त्यावर पुन्हा तीच मुलगी.

"मालकांनी हो म्हटलंय, सर. रद्द करतेय."

मी फोन ठेवला. वहिनींना विचारलं,

"काय म्हणाला भाऊ?"

"विचारत होते," वहिनी म्हणाल्या, "हे बंद झालं, तर मी कुठे येऊ?"

"मग?"

"मी सांगं... घर या."

साइट खरंच बंद झाली. फोन थांबले.

वहिनी त्या घरात एकट्या राहतात. मी भेटायला जातो, पण ओट्यावरच बसतो. आत बोलावलं तरी जात नाही.

परवा गेलो होतो. वहिनी ओट्यावर माझ्यासमोर बसून बोलत होत्या. आत मोरीत नळ सुरू होता. बादलीत पाणी पडत होतं.

बोलता बोलता...

आत कुणीतरी नळ बंद केला.

वहिनींनी मागे वळूनही पाहिलं नाही.