बर्फाचा रकाना

"वैदेही, हे आधी बघ. मग मला काय शिव्या घालायच्या त्या घाल," असं म्हणत डॉ. मुजावरांनी प्रयोगशाळेच्या टेबलावर कागद सरकवला. त्यावर दोन आकडे होते, ब्याण्णव आणि अठरा. दोन्ही एकाच माणसाच्या घशातल्या गाठीचे.

डॉ. वैदेही टिपणीस यांनी सात वर्षं खपून भाकीतयंत्र उभं केलं होतं. गाठीच्या तुकड्यातल्या रेणुखुणा मोजून ते सांगे, हा कर्करोग पुढे कसा वागणार. अंक सत्तरच्या वर गेला की स्वरयंत्र काढायचं. खाली असला तर किरणोपचारांवर भागायचं आणि आवाज राहायचा.

"ब्याण्णव तपासणीच्या तुकड्याचा, तो रोग्यानं गावाहून बसनं डबीत आणलेला. अठरा शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा, आपण गोठवून ठेवलेल्या."

"इतका फरक? कसं शक्य आहे?"

"तुकडा उबेत राहिला की मरता मरता पेशी तीच खूण भराभर बनवतात. मी मुद्दाम सहा तास बाहेर ठेवून पाहिलं, अठराचे नव्वद झाले. यंत्रानं रोग मोजलाच नाही गं, बसमधला उकाडा मोजला."

"पण नमुना घेतानाच्या फॉर्मवर, 'बर्फात आणला का?' या रकान्यात 'होय' आहे!"

"सगळ्यांच्याच आहे. चारशे अकरा नमुने, चारशे अकरा 'होय'." मुजावरांना तिच्याकडे बघवेना. "तूच म्हणाली होतीस, लांबून आलेल्या माणसांना एका रकान्यापायी परत पाठवू नका, 'होय' करून टाका."

म्हणाली होती खरी, आणि तेव्हा स्वतःच्या दयाळूपणाचं कौतुकही वाटलं होतं. जळो ती दया!

दुसऱ्या दिवशी ती सटाण्याला गेली. पुंजाराम गांगुर्डे तिथल्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारायचे. आता गळ्यातल्या छिद्रावर रुमाल आणि मांडीवर पाटी घेऊन ते ओट्यावर बसले होते.

"पुंजारामभाऊ, तुमचं स्वरयंत्र काढायची गरज नव्हती. नमुना गरम झाला होता, आम्ही फसलो. चूक माझी आहे."

तिच्या मनात अजून एक चोरटी आशा होती, तिची तिलाच लाज वाटत होती. तरी तिनं विचारलंच, "डबीत बर्फ होता ना?"

पुंजारामांनी लिहिलं, "घाटात पाच तास अडकलो. पाणी झालं. तुमच्या खिडकीवर सांगितलं होतं."

मग पाटी पुसून त्यांनी पुन्हा लिहिलं.

"मोठ्यानं सांगितलं होतं, बाई. सगळी रांग वळून बघत होती."